थोरल्याच्या घराचं छप्पर

मन्याट्टा, किसुमू
४ डिसेंबर

ओलुओच,

हा कागद तुला तुझ्या दाजींचा, म्हणजे जोरमचा, मावसभाऊ देईल. तो मोंबासाच्या बसवर कंडक्टर आहे. त्याला बजावून ठेवलंय, बंदराच्या फाटकाशी उभा राहा, हातात दे, आणि तो पाकीट फोडेपर्यंत हलू नकोस. फोन तू उचलत नाहीस. ऑक्टोबरपर्यंत निदान वाजायचा तरी, आता तेही नाही. दुसऱ्याच्या फोनवरून लावला तर "हॅलो" म्हणतोस आणि माझा आवाज ऐकला की तुझी रेंज जाते. बंदरात काम करतोस की पाण्याखाली?

मुद्द्याचं सांगते. नोव्हेंबरचा हप्ता चुकला. परवा शनिवारी आमच्या बचत गटाची बैठक आहे, तिथे डिसेंबरचाही चुकणार. सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा मी मासे विकून भरला, तुझी वाट बघत. आता माझ्याकडे पैसे नाहीत.

कुठले हप्ते, असं म्हणशील म्हणून आठवण करून देते. बाबा गेले त्या दिवशी तू फोनवर ढसाढसा रडलास, मीही रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला परत तुझा फोन. मला वाटलं, बाबांबद्दल काहीतरी बोलायचं असेल. तर तू म्हणालास, "ताई, आवारात माझं घर नाही. थोरल्या मुलाचं घर नसेल तर मी बापाला मातीत कसा देऊ? रात्री कुणाच्या ओसरीवर झोपू? लोक तोंडात शेण घालतील." बारा वर्षं तुला घर बांधायचं सुचलं नाही, आणि बाप शवागारात पडल्यावर सुचलं. तरी मी म्हटलं, खरं आहे, रीत आहे. तू म्हणालास, "तू गटातून उचल, महिनाअखेर मी पाठवतो."

मी उचलले. नव्वद हजार, माझ्या नावावर. बाबा आठ दिवस शवागारात, आणि मी उगुंजाच्या दुकानात पत्रे निवडतेय. फाटकाच्या उजव्या हाताला, रीतीप्रमाणे, दोन खोल्या, मातीच्या भिंती, वर बत्तीस पत्रे, लोखंडी दार. तू आलास, दोन रात्री झोपलास. दफनाच्या दिवशी माईक हातात घेऊन सगळ्या गावासमोर म्हणालास, "या घराचा शिलिंग न् शिलिंग मी फेडणार, वर आईला एक गाय घेऊन देणार." बायकांनी आरोळ्या मारल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला! तिसऱ्या दिवशी दाराला ते भलंमोठं कुलूप घातलंस, किल्ली खिशात टाकलीस, आणि गेलास. तेव्हापासून त्या घरात पाली राहतात.

आमच्या गटाचे नियम तुला ठाऊक नसतील. एकवीस बायका आहोत. हप्ता चुकला की दंड, आणि हप्त्याचे पैसे जामीन राहिलेल्या बाईने भरायचे. दुसऱ्यांदा चुकला तरी तेच. तिसऱ्यांदा चुकला की सगळा गट घरी येतो, आणि आल्यावर रिकाम्या हाताने परत जात नाही. माझ्या घरात नेण्यासारखी एकच वस्तू आहे, पुढच्या खोलीतला फ्रीजर. तो गेला तर मासे ठेवायचे कुठे? मासे नाहीत तर घरात चूल पेटत नाही, हे तुला सांगायला नको. जोरमच्या सायकल दुरुस्तीवर भाडंसुद्धा निघत नाही.

तुझ्याकडे जानेवारीच्या पहिल्या शनिवारपर्यंत वेळ आहे. मी भीक मागत नाहीये. तू बोललास ते मागतेय.

अवूर


२९ डिसेंबर

ओलुओच,

कंडक्टर आला. तुझे दोन हजार शिलिंग मिळाले, आणि तुझा निरोपही. त्याने तो तुझ्याच आवाजात म्हणून दाखवला, हात हलवत. "ताईला सांग, घर हे काही कर्ज नसतं, घर हे कर्तव्य असतं. आणि स्वतःच्या नावावर काढायला तिला सांगितलं कोणी?"

दोन हजार याच पाकिटात परत घालतेय, मोजून घे. नव्वद हजाराच्या घराला दोन हजार म्हणजे काय, चहापाणी? मी काय तुझ्या घराची राखणदार आहे?

आणि "सांगितलं कोणी" म्हणतोस? तू सांगितलंस! गटात बाहेरगावच्या पुरुषाला कर्ज मिळत नाही, आणि तुझ्या नावावर मोंबासात कोण काय देणार होतं ते तूही जाणतोस. तू मुलगा म्हणून थोरला. वयाने मी सहा वर्षांनी मोठी आहे, तुला पाठीवर बांधून पाण्याला जायची मी. कर्तव्य मला शिकवू नकोस.

आता एक गोष्ट लिहिते, ती लिहायची नव्हती. पण जोरमला काल सगळं सांगून टाकलं, तर तुलाही सांगते. सगळे नव्वद हजार तुझ्या घरात गेले नाहीत. सत्तर गेले. उरलेल्या वीसमध्ये मी दुसरा मंडप घेतला आणि मोठे कर्णे घेतले. एका मंडपात भागलं असतं. पण शेजारच्या ओडेरोंच्या दफनाला दोन मंडप होते ना! मलाही वाटलं, लोकांनी म्हणावं न्यांडेगाच्या पोरांनी बापाला झोकात पोचवलं. लोक म्हणालेही. मीही त्या दिवशी मान वर करून फिरले. ऋण काढून सण म्हणतात तो मीही केला, नाही म्हणत नाही.

तेव्हा हिशेब साफ करू. मंडप आणि कर्णे माझे. ते मी फेडीन, मेले तरी फेडीन. घर तुझं. ते तू फेड.

जोरमला सांगितलं तेव्हा तो चाकाला ठिगळ लावत होता. मला वाटलं ओरडेल. त्याने ठिगळ दाबून धरलं आणि म्हणाला, "दोन महिने तू झोपेत दात खात होतीस, मला वाटलं जंत झालेत." मग चाकात हवा भरता भरता म्हणाला, "मी तुझ्या माहेरच्या भानगडीत पडू शकत नाही, जावई आहे मी. पण तू जे करशील ते माझ्या नावावर खपव."

आणखी एक. माझी जामीन कोण आहे माहीत आहे? अकेलोची आई. तीच, जी बाबांच्या वेळी तीन दिवस आमच्या चुलीपाशी उभी होती आणि तू तिला मोलकरीण समजून पाणी आणायला सांगितलंस. माझे दोन चुकलेले हप्ते तिने भरले. अकेलोच्या बोर्डिंगच्या फीमधून. शाळा पाच तारखेला उघडतेय आणि अकेलोची पेटी भरून दाराशी पडलीय. ती पोरगी परवा माझ्याकडे मासे घ्यायला आली. मला "मावशी" म्हणाली, आणि मला तिच्या डोळ्यांत बघवेना.

याची मला लाज वाटते. तुझ्या निरोपाची नाही वाटत. ती तुला वाटायला पाहिजे.

अवूर


१२ जानेवारी

ओलुओच,

तीन तारखेला तिसरा हप्ता चुकला. पाच तारखेला सकाळी दहाला गट आला.

कसा येतो सांगते, कारण सहा वर्षं मीच त्याला पुढे घालून नेत आलेय. वसुलीची प्रमुख मी आहे, म्हणजे होते. गल्लीच्या तोंडाशी जमायचं, गाणं सुरू करायचं, हळूहळू चालायचं, म्हणजे शेजारीपाजारी बाहेर येतात. लाजेने अर्धं काम होतं. ते गाणं मीच बसवलंय. "बाई गं, दार उघड, तुझ्या बहिणी आल्या." आतून ऐकायला ते इतकं वाईट लागतं हे मला माहीत नव्हतं. मी आतापर्यंत किती जणींना ते ऐकवलंय! एकीचा सोफा नेला होता, तिचं बाळ त्यावर झोपलेलं होतं, बाळ उचलून तिच्या हातात दिलं आणि सोफा नेला. त्या दिवशी मी घरी येऊन पोटभर उगाली खाल्ली होती.

पण मी लपले नाही. बाकीच्या जणी लपतात, मागच्या दाराने पळतात, फोन बंद करतात. मी दार उघडलं, बाहेर येऊन उभी राहिले, आणि त्यांच्याबरोबर तेच गाणं म्हटलं. शेवटपर्यंत. एकदोघी हसल्या. डोरीन, आमची सचिव, तिला माझा पहिल्यापासून राग. ती म्हणाली, "वसुलीवाल्या बाई, आज तुमची पाळी! फ्रीजरमधले मासे काढता की माशांसकट नेऊ?"

मी म्हटलं, "डोरीन, नियम वाच."

"कुठला नियम?"

"सातवा. मीच लिहिलाय. आधी कर्जाच्या पैशातून घेतलेली वस्तू न्यायची, ती नसेल तर दुसरी. फ्रीजर मी चार वर्षांपूर्वी घेतला, माझ्या पैशाने. कर्जाच्या पैशाची वस्तू इथे नाही. चला, दाखवते."

"कुठे?"

"उगुंजाच्या पलीकडे. माझ्या माहेरी."

अकेलोच्या आईने माझ्याकडे बघितलं. ती भाऊबंदकी सोसलेली बाई आहे, तिला लगेच कळलं. म्हणाली, "अवूर, शुद्धीवर आहेस ना? भावाचं घर?"

मी म्हटलं, "ज्याच्या पैशाचं त्याचं घर. पैसे तुझ्या अकेलोचे आहेत."

मग पदर खोचावा तसा तिने कमरेचा लेसो घट्ट बांधला आणि म्हणाली, "टेम्पो कोण सांगतंय?"

चौदा जणी आल्या. बाकीच्या घाबरल्या. टेम्पोच्या मागे उभं राहून गेलो, धूळ खात. दोन तास लागले. आवारात शिरलो तेव्हा आई अंगणात बसून घेवडा निवडत होती. काका ओगुटू त्यांच्या खुर्चीवर. एवढ्या बायका बघून काकांना वाटलं बाबांच्या सांत्वनाला उशिरा आल्यात. उठून हात जोडायला लागले बिचारे.

मी सांगितलं कशासाठी आलो ते. काका आधी हसले. मग काठी घेऊन तुझ्या दारासमोर उभे राहिले.

"लग्न होऊन गेलेली पोर तू! तुझा या आवारातल्या काडीवर हक्क नाही."

"हक्क मागत नाही काका. पत्रे मागतेय."

"जिवंत माणसाच्या घराचं छप्पर उतरवणं म्हणजे तो मेला असं सांगणं. थोरल्या मुलाला मारतेस? शाप लागेल. तुला लागेल, तुझ्या पोरांना लागेल."

"आणि चाळीस मैलांवर एका पोरीची शाळा सुटली, तो शाप कुणाला लागेल?"

"ते मला माहीत नाही. पण या आवारातला एकही पुरुष त्या छपरावर चढणार नाही. आणि बायकांनी छपरावर चढायचं नसतं. आता काय करतेस?"

मी टेम्पोवाल्याला विचारलं, चढशील का, तो म्हणाला, "आई, मी फक्त गाडी चालवतो." डोरीनसुद्धा खाली बघायला लागली. काका जिंकल्यासारखे काठीवर रेलले. मग काका आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, ऐकताय ना? तुमची मुलगी तुमच्या जिवंत मुलाचं छप्पर उतरवायला निघालीय. तुम्ही बोला."

आई घेवडा निवडत राहिली. दोन-तीन खडे काढून टाकले. मग म्हणाली, "शिडी गोठ्यामागे आहे. आणि खिळे खाली टाकू नका, कोंबड्या खातात."

ओलुओच, मी चढले. बेचाळीस वर्षांची बाई मी, गुडघे दुखतात माझे, लेसो कमरेला खोचला आणि चढले. पहिला खिळा निघेना. हातोडी हातातून दोनदा सुटली. खाली चौदा बायका आ वासून उभ्या. पहिला पत्रा सुटला तेव्हा असा आवाज झाला की काकांनी कानावर हात ठेवले. मग खालून अकेलोची आई चढली. मग डोरीन चढली, आणि डोरीन सगळ्यांत जास्त काम करते हे मला त्या दिवशी कळलं. संध्याकाळपर्यंत बत्तीसही पत्रे खाली. दार काढलं, खिडक्या काढल्या, वरची लाकडं काढली. तुझं कुलूप दाराला तसंच राहिलं, किल्ली तुझ्याकडे आहे म्हणून. ते दारासकट विकलं.

खिळे मी सगळे वेचले. एका डब्यात भरून आईला दिले.

एक गोष्ट लपवणार होते. निघताना आई मला सोडायला फाटकापर्यंत आली नाही. ती बाबांच्या कबरीकडे तोंड करून बसली आणि माझ्याकडे पाठ केली. शिडी तिने सांगितली, पण पाठही तिनेच केली. टेम्पोत सगळ्या गात होत्या, आणि मी पत्र्यांवर बसून रडले. तरीही सांगते, पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा चढेन.

अवूर


९ फेब्रुवारी

ओलुओच,

बघ, तुझा फोन चालतो. पाच महिन्यांत पहिल्यांदा माझ्या फोनवर तुझं नाव दिसलं, तेही सकाळी सहाला. तू दहा मिनिटं ओरडलास. मी मध्ये बोलले नाही, कारण तुला ओरडताना थांबवलं की तू पहिल्यापासून सुरू करतोस, लहानपणापासून. आता मी बोलते. कागद आहे, तुला फोन ठेवता येणार नाही.

तू म्हणालास, मी तुला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. अरे, तू तोंड दाखवत होतास कधी?

तू म्हणालास, लोक म्हणतात ओलुओच मेला. मेला नाही हे मी सगळ्यांना सांगते. मोंबासाला आहे, धडधाकट आहे, फोन उचलत नाही.

तू म्हणालास, मी रीत मोडली. मोडली. बाईने छपरावर चढू नये, चढले. लग्न झालेल्या मुलीने आवारात हात घालू नये, घातला. पण बापाच्या मातीवर उभं राहून माईकवर बोललेला शब्द मोडायची रीत कुठली, ते काकांना विचारून कळव.

पत्रे, दार, लाकूड मिळून अडतीस हजार आले, जुना माल म्हणून कमी मिळाले. त्यात चुकलेले तीन हप्ते फिटले, फेब्रुवारीचाही गेला, आणि टेम्पोचं भाडं सुटलं. अकेलोच्या आईचे पैसे तिच्या हातात दिले. अकेलो तीन आठवडे उशिरा शाळेत गेली. वर्गात मागे पडली असेल, ते मला भरून देता येणार नाही. फ्रीजर जागेवर आहे. दंड मी वेगळा भरला. सहा हप्ते उरलेत, ते माझे. दुसरा मंडप फार महाग पडला मला, पण तो माझा होता. त्यातलं तुझ्याकडून काही नको.

गटाने वसुलीचं काम माझ्याकडून काढून घेतलं नाही. मी म्हटलं, मला नको, मी स्वतः थकबाकीदार आहे. डोरीन म्हणाली, "म्हणूनच. आता तू बाळाखालून सोफा ओढणार नाहीस." मग मतं घेतली. मी अजून तेच काम करते, पण ते गाणं बंद केलंय. दार वाजवतो आणि बसतो.

आई अजून माझ्याशी पुरतं बोलत नाही. मागच्या रविवारी फोन केला तर तिने कोंबड्यांबद्दल सांगितलं, बाबांबद्दल नाही, तुझ्याबद्दल नाही. शेवटी म्हणाली, "भिंती उघड्या आहेत." एवढंच.

खरं आहे, भिंती उघड्या आहेत. मातीच्या आहेत. मार्चमध्ये मोठा पाऊस लागतो, तो त्यांना आठ दिवसांत बसवेल. तू म्हणालास एप्रिलमध्ये येणार, नवं छप्पर घालणार, आणि मी फाटकात पाऊल ठेवायचं नाही. एप्रिलमध्ये आलास तर छप्पर कशावर घालशील? यायचं तर याच महिन्यात ये.

पैसे नसतील, हे मला माहीत आहे. फोनवर तू सगळं बोललास, एकदाही "माझ्याकडे आहेत" म्हणाला नाहीस. बंदरातलं काम सुटलंय हे मला कंडक्टरने डिसेंबरमध्येच सांगितलं होतं. तू सांगितलं असतंस तर मी शिव्या दिल्या असत्या आणि थांबले असते. तू दोन हजार पाठवलेस आणि कर्तव्य शिकवलंस.

तर आता ऐक. शनिवारच्या बैठकीत मी विषय काढला. मोठी भांडणं झाली, पण ठरलं. बाहेरच्या पुरुषाला कर्ज द्यायचं, फक्त पत्र्यांपुरतं, गटातली एक बाई जामीन असेल तर. तिथे कुणी हात वर करेना. अकेलोची आईसुद्धा छताकडे बघत बसली, आणि तिला दोष कसा देऊ?

मी हात वर केला. तुझी जामीन मी आहे. ये, सही कर, बत्तीस पत्रे घे, स्वतःच्या हाताने ठोक. आणि तीन हप्ते चुकलास तर दार वाजवायला मीच येईन, ओलुओच. शिडी कुठे आहे ते मला माहीत आहे.

तुझी बहीण,
अवूर